हत्येवाचूनचे मांस

२०२५ च्या ऑगस्टात कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने स्वातंत्र्यदिनी कत्तलखाने आणि मांसविक्रीची दुकाने चोवीस तास बंद ठेवण्याचे फर्मान काढले, त्याच्या समर्थनार्थ आपल्या दफ्तरातला १९८८ सालचा एक ठराव धूळ झटकून पुढे केला, आणि मग राष्ट्राच्या स्वातंत्र्याचा मटणाच्या रश्श्याशी नेमका कोणता संबंध आहे यावर पुढाऱ्यांमध्ये जी खडाजंगी झाली ती वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या धुळवडीत माझे एक विद्वान स्नेही, ज्यांचा रथ प्रत्येक वादात दोन्ही पक्षांच्या वर चार अंगुळे चालत असतो, त्यांनी एक लेख लिहून असा निर्वाळा दिला की हा मुकदमाच लवकर निकाली निघणार आहे. कारण प्राण्याच्या चार पेशी घेऊन त्यांपासून पोलादी टाकीत मांस वाढविण्याची विद्या माणसाला साधली असून, ती स्वस्त होताच खाटीक आणि अहिंसावादी हे दोघेही एकाच वेळी बेकार होतील. शास्त्राच्या प्रगतीविषयी मला आदर आहे. परंतु शास्त्राच्या खांद्यावर बंदूक ठेवून समाजाचे जुने खटले परस्पर फैसल करण्याची जी हौस सध्या बोकाळली आहे, तिच्याविषयी मात्र तितका नाही.

या विद्येची वंशावळ स्नेह्यांनी मोठ्या उमाळ्याने दिली आहे. कोंबडीची छाती किंवा पंख खाण्यासाठी अख्खी कोंबडी वाढविण्याचा खुळेपणा माणूस अर्धशतकात सोडून देईल, असे भाकीत चर्चिलने १९३१ साली केले. २०१३ साली मास्ट्रिख्त विद्यापीठाच्या मार्क पोस्ट यांनी लंडनमध्ये अडीच लाख युरो खर्चून तयार केलेली गोमांसाची एक चकती जगासमोर तळली. २०२० साली सिंगापूरने आणि २०२३ साली अमेरिकेने टाकीतल्या कोंबडीच्या विक्रीस परवानगी दिली. इटलीने आणि फ्लोरिडाने तिला कायद्याने बंदी घातली, हा उत्तरार्ध त्यांनी गाळला आहे. आणखीही एक गोष्ट गाळली आहे: पोस्ट यांच्या चकतीतल्या पेशी ज्या द्रवात वाढल्या त्यात गाभण गाय कापल्यानंतर तिच्या पोटातील वासराच्या रक्तापासून काढलेला सीरम होता. अहिंसेचा हा पहिला घास होता.

पर्यावरणाचा हिशेबही स्नेह्यांनी अर्धाच वाचला आहे. ऑक्सफर्डच्या हाना तुओमिस्टो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०११ साली जे गणित मांडले त्यात टाकीतल्या मांसामुळे हरितगृह वायूंचे उत्सर्जन ७८ ते ९६ टक्क्यांनी आणि जमिनीचा वापर ९९ टक्क्यांनी घटेल असा निष्कर्ष होता. परंतु पेशींचे अन्न निळ्या-हिरव्या शेवाळापासून मिळेल हे त्यात गृहीत धरले होते, आणि असा कारखाना त्या वेळी कोठेही नव्हता. पुढे २०२३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी, औषधांस लागते तितक्या शुद्धतेचे पोषणद्रव वापरावे लागल्यास हेच मांस गोमांसापेक्षा चौपट ते पंचवीसपट तापकारक ठरेल, असा हिशेब मांडला आणि त्यावरही आक्षेप आले. या दोन टोकांमधील अंतर पाहिले म्हणजे कळते की येथे मोजमाप चालले आहे ते अजून न बांधलेल्या कारखान्याचे. गाय आपले शरीर आपणच ऊबदार ठेवते, जंतूंशी आपणच झुंजते, आणि या दोन सेवांचे बिल तिने आजवर कोणास पाठविलेले नाही. टाकीला मात्र अहोरात्र ऊब द्यावी लागते, आणि एखादा जंतू आत शिरला की सारा घाणा फुकट जातो. ती ऊब ज्या विजेतून यायची ती आपल्या देशात मुख्यत्वे कोळशाची आहे. गायीच्या ढेकरेतला मिथेन दहा-बारा वर्षांत विरतो, कोळशाचा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके साचत राहतो, म्हणून दूरच्या पल्ल्यात टाकी सरस ठरेलच असे नाही, ही गोष्ट लिंच आणि पियरहम्बर्ट या संशोधकांनी २०१९ सालीच दाखवून दिली आहे.

शिवाय ज्या गोमांसाशी तुलना करून टाकीचे पुण्य मोजले जाते ते ब्राझीलच्या तोडलेल्या जंगलातले आणि अमेरिकेच्या मक्यावर पोसलेले आहे. महाराष्ट्राच्या ताटात ते १९७६ च्या कायद्याने आणि २०१५ पासून बैलांपर्यंत पोहोचलेल्या बंदीने येतच नाही. येथे ताटात येते ती कोंबडी, मासळी आणि बांधावरचा पाला ओरबाडून वाढलेला बोकड. त्या बोकडाने डोंगर उघडे केले हा आरोप मला अमान्य नाही, पण त्याच्यावर अमेरिकन बैलाचे आरोपपत्र बजावणे हा न्याय नव्हे.

परंतु आकड्यांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो नीतीचा दावा, आणि तो तपासण्यासाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांकडे धाव घेण्याआधी, साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या एका गोमंतकीयाकडे गेले पाहिजे. धर्मानंद कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात, चुंदाच्या घरी बुद्धाने शेवटचे जे अन्न घेतले ते डुकराचे मांस होते हे तर स्वीकारलेच, शिवाय त्या काळचे जैन श्रमणही मांस घेत असत असे प्रतिपादन केले, आणि त्यावरून जैन समाजात मोठा प्रक्षोभ उसळला. कोसंबींनी विधान मागे घेतले नाही. आणि याच पुरुषाने १९४७ साली सेवाग्रामात, शरीर निरुपयोगी झाले असे ठरवून, जैनांच्या सल्लेखनेला जवळ जाणाऱ्या रीतीने अन्नत्याग करून देह ठेवला. ज्यांच्या रोषाला तो पात्र झाला त्यांच्याच व्रतातले सर्वांत कठीण ते त्याने आचरले. आज एकेका ठरावासाठी अहिंसेला वेठीस धरणाऱ्यांच्या आणि त्या ठरावाच्या निषेधार्थ रस्त्यावर कोंबड्या घेऊन उतरणाऱ्यांच्या गर्दीत असा माणूस कोठे बसवायचा, हे मला सुचत नाही.

बौद्ध विनयाची कसोटी अशी की जे मांस आपल्याकरिता मारलेले भिक्षूने पाहिले नाही, ऐकले नाही, व ज्याबद्दल तसा संशयही नाही, ते त्याने घ्यावे; मांस सरसकट वर्ज्य करावे ही देवदत्ताची मागणी बुद्धाने नाकारली. जैनांची कसोटी याहून कडक: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि जिला नुसते अनुमोदन दिले ती, अशा तिन्ही हिंसा सारख्याच बांधतात. टाकीतले मांस बुद्धाच्या कसोटीला सहज उतरेल, आणि २०२३ साली सिंगापुरात सीरमविरहित प्रकारालाही मंजुरी मिळाल्यामुळे माझा मघाचा आक्षेपही दुबळा झाला आहे. जैन कसोटीचे मात्र सांगता येत नाही. ज्यांना बटाट्यात अनंत जीव दिसतात, त्यांना कोट्यवधी जिवंत पेशींनी भरलेल्या टाकीत काय दिसेल? माझ्या स्नेह्यांनी हा प्रश्न विचारलाच नाही, कारण अहिंसा म्हणजे रक्त न दिसणे अशी त्यांची समजूत असावी.

आता मुख्य मुद्दा. हत्येवाचूनचे मांस ही नवी वस्तू नाही. या देशात ते शतकानुशतके उपलब्ध होते, आणि ते खाण्याचे काम वहिवाटीने काही जातींवर लादलेले होते: गावात गुरू मेले की महाराने ते ओढून न्यावे, आणि त्याचे मांस त्याच्या पदरी पडावे. या मांसासाठी कोणी सुरी उचललेली नसे, खाणाऱ्याने केली, करविली वा अनुमोदिली अशी हिंसा त्यात शोधूनही सापडली नसती. त्या काळच्या अहिंसेच्या तराजूत सर्वांत निर्दोष ठरावे असे ते अन्न होते, आणि त्याच अन्नाने माणसाला गावकुसाबाहेर ठेवले. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला ते मांस सोडून द्या असे सांगितले, ते जनावरावर दया करण्यासाठी नव्हे, माणसाने मान वर करावी म्हणून. आणि १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावरील ग्रंथात, मेलेल्या गायीचे मांस खाण्यात गोहत्या घडत नसताना त्याचा विटाळ का मानला गेला, या प्रश्नाची त्यांनी जी उलटतपासणी केली आहे ती वाचल्यावर, ताटाची प्रतिष्ठा हिंसेवरून ठरते असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. ती ठरते खाणाऱ्याच्या जातीवरून आणि आता पदार्थाच्या किमतीवरून. टाकीतले मांस पंचतारांकित हॉटेलात चांदीच्या ताटलीत येईल, म्हणून ते शुद्ध मानले जाईल. सोसायटीत भाड्याने घर मागणाऱ्या कोळणीच्या सुरमईची किंमत त्यामुळे रतीभरही वाढणार नाही.

येथवर आल्यावर माझ्याच पक्षाची अडचण मांडणे भाग आहे. बोकडाला आमच्या जातिव्यवस्थेशी कर्तव्य नाही. त्याचा जीव प्रतिष्ठेसाठी वाचला, नफ्यासाठी वाचला, की करुणेने वाचला, याची त्याला विवंचना नसते. आणि मांसाहारी माणसाची आजवरची भक्कम कैफियत अशी होती की पोषणासाठी दुसरा उपाय नाही. सड्यावरच्या धनगराची किंवा किनाऱ्यावरच्या कोळ्याची ती कैफियत आजही खरी आहे, पण शहरात पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याची ती डाळ-उसळीपुढे आधीच लंगडी होती, आणि तीच चव, तेच प्रथिन हत्येवाचून मिळू लागले तर ती पूर्ण कोसळते. मग उरते ती केवळ सवय, आणि सवयीसाठी गळा कापणे मला तरी समर्थनीय वाटत नाही. मासळी-मटणाच्या बाजूने मी आजवर पुष्कळ लिहिले आहे; तरीही हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात २०१९ पासून सरकारी निधीतून हाती घेतलेल्या या संशोधनास आणखी पैसा मिळावा असेच मी म्हणेन, निदान ही विद्या चार परदेशी कंपन्यांच्या पेटंटांत कुलूपबंद होऊ नये एवढ्यासाठी तरी.

फक्त तिचा पहिला मान मटणाला न देता दुधाला द्यावा, अशी माझी सूचना आहे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे देशात १९ कोटींवर गायी-बैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी आहेत, आणि आपल्या जनावरांच्या मिथेनचा मोठा भाग त्यांच्याच पोटातून येतो. त्यांचा सांभाळ मुख्यत्वे दुधासाठी आणि ओढकामासाठी होतो, मांस हा बहुतेक वेळा शेवटचा हिशेब असतो. तरीही अन्नाच्या वेष्टनावरील आमचा कायदा दुधाला शाकाहारी मानून त्याच्या पदार्थांना हिरवा ठिपका देतो, आणि तो ठिपका पाहून संतुष्ट होणारे गृहस्थ म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे हे ऐकून कानांवर हात ठेवतात, जणू ती म्हैस दूध देणाऱ्या म्हशीहून निराळ्या योनीतली असावी. सूक्ष्मजीवांकडून दुधाची प्रथिने करवून घेण्याची विद्या अमेरिकेत बाजारापर्यंत पोहोचली आहे. ती येथे आली तर दोन म्हशींच्या जिवावर मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या कुटुंबांचे काय करायचे, हा प्रश्न खाटकाच्या बेकारीइतका सोपा नाही. स्नेह्यांनी आपल्या पुढच्या लेखात त्याचा हिशेब मांडावा, आणि रोज सकाळी त्यांच्या चहात पडणाऱ्या दुधासाठी जन्माला आलेले रेडकू नर निघाले तर पुढे कोठे जाते, तेही त्याच लेखात लिहावे.