आदर मागता येतो काय?

आदर ही मागण्याची गोष्ट आहे काय, हा प्रश्न नीतिविचारात सहसा आडवाटेने उपस्थित होतो. कर्ज मागता येते, न्याय मागता येतो, क्षमाही मागता येते. परंतु मागितल्यानंतर जो हाती पडतो तो आदर असतो की आदराचा निव्वळ उपचार, याविषयी संशय उरतोच. लग्नमांडवातील मानपानाचा अनुभव या संशयाला पुष्टी देणारा आहे. रुसून बसलेल्या व्याह्याला शाल मिळते, नारळ मिळतो, आणि तो मिळत असतानाच त्याच्याविषयीचा उरलासुरला आदर संपलेला असतो. पण याच प्रश्नाची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. ज्याला आदर पिढ्यान्‌पिढ्या नाकारलाच गेला, त्याने तो मागायचा नाही, तर त्याच्यासमोर दुसरा मार्ग कोणता उरतो? थोर होऊन दाखवावे आणि वाट पाहावी, हा सल्ला ज्यांना तो जन्मतःच मिळालेला असतो त्यांनाच सुचतो.

अमेरिकन सोल संगीतातील ‘रिस्पेक्ट’ या गीताचा इतिहास या प्रश्नाशी जोडून वाचण्यासारखा आहे. ओटिस रेडिंग यांनी हे गीत १९६५ मध्ये मेम्फिस येथील स्टॅक्स कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. अरीथा फ्रँकलिन यांनी १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्क येथे अटलांटिक कंपनीच्या स्टुडिओत ते नव्याने गायिले, आणि जून १९६७ मध्ये ते बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत दोन आठवडे अग्रस्थानी होते. रेडिंग यांचे मूळ ध्वनिमुद्रण त्याच यादीत ३५ व्या क्रमांकापर्यंत पोचले होते. लोकप्रियतेच्या या आकड्यांना समीक्षेत फारसे वजन देण्याचे कारण नाही. महत्त्वाचे आहे ते हे, की शब्द बव्हंशी तेच राहून गीताचा नैतिक आशय जवळजवळ उलटा झाला.

रेडिंग यांच्या गीतातील निवेदक हा बाहेर राबून, पैसा घेऊन घरी परतणारा पुरुष आहे. त्याची मागणी घराच्या उंबरठ्यापुरती मर्यादित आहे. आपल्या माघारी स्त्रीने प्रतारणा केली तरी तो ती सोसायला तयार आहे. परतल्यावर मात्र आपला मान राखला जावा, एवढीच त्याची अट. हा पुरुष वरवर रांगडा वाटला, तरी त्याच्या मागणीत एक केविलवाणी तडजोड आहे. प्रेम गेले तरी चालेल, निष्ठा गेली तरी चालेल, चारचौघांतली पत राहू द्या, असे तो म्हणतो. येथे आदर हा विनिमयाचा विषय आहे: मिळकत द्यायची आणि त्या बदल्यात मान घ्यायचा. दक्षिणेकडील कृष्णवर्णीय पुरुषाला घराबाहेर मान मिळण्याची शक्यता जवळपास नव्हती, हे लक्षात घेतले तर ही घरातली मागणी केवळ पुरुषी अहंकाराची म्हणून निकालात काढता येत नाही. बाहेरचे येणे तो घरातून वसूल करू पाहतो, ही मात्र त्या मागणीतील अन्यायाची जागा आहे.

फ्रँकलिन यांच्या गायनात बोलणारी व्यक्ती स्त्री झाली, आणि केवळ सर्वनामे बदलून हे साधलेले नाही. प्रतारणेचे कलम त्यांनी उलटे केले. पुरुष जी प्रतारणा सोसायला तयार होता, ती आपण करणार नाही, असे ही स्त्री आरंभीच सांगते. त्यामुळे तिच्या मागणीतील तडजोड नाहीशी होते. तिच्या बाजूचे कर्तव्य पूर्ण आहे आणि आता ती हक्क सांगते आहे. पैसाही तिच्याजवळ आहे. मूळ गीतात नसलेला एक मधला भाग येथे आला, त्यात किंग कर्टिस यांचा सॅक्सोफोन आला, आणि त्यानंतर वाद्यमेळ थबकत असताना तो इंग्रजी शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारला गेला. ही अक्षरफोड आज गीताची ओळखच बनली आहे. रेडिंग यांच्या संहितेत ती नव्हती. शब्दाची अक्षरे फोडून सांगण्याची वेळ कोणावर येते? समोरच्याला तो शब्द ठाऊक नसेल, किंवा ठाऊक असून तो ऐकू येत नसेल, तर. शाळेतील शिक्षिका मंद विद्यार्थ्यापुढे जे करते, तेच येथे घडते, आणि विनंतीचे रूपांतर पाठ देण्यात होते. कॅरोलिन व अर्मा या त्यांच्या बहिणींचे पार्श्वस्वर साथ देतात तेव्हा ही एकटीची तक्रार राहत नाही. घरातल्या बायकांची पंचायत बसल्यासारखे वाटते.

तत्त्वज्ञ स्टीफन डार्वल यांनी १९७७ मध्ये आदराचे दोन प्रकार वेगळे केले. एक आदर गुणांच्या मूल्यमापनातून येतो. तो कमीजास्त असू शकतो आणि तो मिळवावा लागतो. दुसरा व्यक्तीच्या व्यक्तीपणाची दखल घेण्यातून येतो. त्यात प्रतवारी नाही, आणि त्यासाठी पात्रता सिद्ध करावी लागत नाही. कांट यांच्या नीतिशास्त्राचा पाया या दुसऱ्या प्रकारात आहे. ही विभागणी स्वीकारली तर आरंभीचा पेच बराचसा सुटतो. पहिला आदर मागणे हास्यास्पद ठरते, कारण मागणी हा गुण नव्हे. दुसरा मागता येतो, किंबहुना मागावाच लागतो, कारण तो नाकारणे हा अन्याय आहे. रेडिंग यांचा निवेदक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकला आहे: दुसऱ्या प्रकारच्या आदराची भूक त्याला आहे, पण तो पहिल्या प्रकारच्या भाषेत, आपली मिळकत पुढे करून, मागतो. फ्रँकलिन यांची निवेदिकाही पैशाचा उल्लेख करते, पण तिचा सूर सौद्याचा नाही.

हा भेद केवळ ग्रंथगत नव्हता. १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील गॅड्सडेन येथील न्यायालयात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या साक्षीला उभ्या असताना सरकारी वकिलाने त्यांना नुसते ‘मेरी’ म्हणून संबोधले. गोऱ्या साक्षीदारांना आडनावापूर्वी ‘मिस’ वा ‘मिस्टर’ लावायचे आणि कृष्णवर्णीयांना नुसत्या नावाने हाक मारायची, हा तेथील रिवाज. मराठीत ज्याला अरे-तुरे करणे म्हणतात, त्याचीच ही कायदेशीर आवृत्ती. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याखेरीज उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद व ५० डॉलर दंड झाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. हॅमिल्टन यांनी आपल्या गुणांचे कौतुक मागितले नव्हते. एक संबोधन मागितले होते. १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांनी संपाच्या वेळी आपण माणूस आहोत एवढेच सांगणारे फलक गळ्यात अडकवले, तेही याच जातीचे. फ्रँकलिन यांचे गीत या दोन घटनांच्या मधल्या काळातले आहे, आणि श्रोत्यांनी ते घरगुती भांडणाच्या पलीकडे नेऊन ऐकले यात नवल नाही. संहितेत नसलेला अर्थ त्यांनी बाहेरून लादला, असा आक्षेप येथे टिकत नाही. मागणीचा आकार संहितेत होताच. मागणारा कोण आणि कोणाकडे, एवढेच बदलत गेले.

मग हे गीत कोणाचे? रोलां बार्त यांचा लेखकाच्या मृत्यूची घोषणा करणारा निबंध इंग्रजीतून १९६७ मध्येच प्रसिद्ध झाला, हा योगायोग मोहात पाडणारा आहे. फ्रँकलिन या अशा वाचक ठरतात की ज्यांच्या वाचनाने मूळ संहिता मागे पडली. परंतु बार्त यांचा सिद्धान्त येथे जसाच्या तसा लावणे म्हणजे एका महत्त्वाच्या गोष्टीकडे डोळेझाक करणे होय. सिद्धान्ताने लेखकाला मारले तरी कायद्याने त्याला जिवंत ठेवले होते. १९०९ च्या अमेरिकन कायद्यानुसार एकदा ध्वनिमुद्रित झालेले गीत ठरावीक मोबदला देऊन कोणालाही पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे, आणि रेडिओवर ते वाजले की पैसा जाई गीतकाराला व प्रकाशकाला. गायिकेला नाही. अक्षरफोड फ्रँकलिन यांची, पण लेखनश्रेय रेडिंग यांचेच राहिले. १७ जून १९६७ रोजी मॉन्टेरे येथील महोत्सवात रेडिंग यांनी, हे गाणे एका मुलीने आपल्याकडून नेले, अशा अर्थाचे उद्गार हसत काढले. त्या विनोदात खिलाडूपणा होता, हे मान्य करावे लागेल. पण नेले ते गाण्याचे लौकिक स्वामित्व. रेडिओची मिळकत त्यांच्याकडेच राहिली होती.

यात आणखी एक पदर आहे. गीताचा पहिला खर्डा दुसऱ्याच कोणाचा होता आणि रेडिंग यांनी तो बदलून वेगवान केला, असे त्यांच्या वर्तुळातील काहींनी पुढे सांगितले. हे खरे असेल तर रेडिंग यांनी त्या अनाम माणसाशी जे केले, तेच फ्रँकलिन यांनी रेडिंग यांच्याशी केले. फरक एवढाच, की रेडिंग यांचे नाव कागदावर होते. गीताच्या बाबतीत ‘मूळ’ शोधत जाणारी समीक्षा बहुधा अशाच नाव नसलेल्या माणसापाशी येऊन थांबते, आणि कायदा त्याच्या अलीकडेच थांबलेला असतो.

गायकाला गीताच्या मिळकतीत वाटा असावा की नाही, हा वाद भारतातही त्याच दशकात झाला. लता मंगेशकर यांनी तो वाटा मागितला, महंमद रफी यांना मानधनानंतर हक्क संपतो असे वाटत होते, आणि त्यावरून दोघांचे एकत्र गाणे काही काळ थांबले. १९९४ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात कलावंताचा हक्क आला. अमेरिकेतील परिस्थिती अधिक विचित्र राहिली. ज्या गीताने आदराचा उच्चार जगाला शिकवला, त्याच्या प्रक्षेपणातून गायिकेच्या वाट्याला केवळ पहिल्या प्रकारचा आदर आला: १९६८ मधील दोन ग्रॅमी पारितोषिके, गौरव, याद्यांमधली अग्रस्थाने. हिशेबाच्या वहीत नाव लिहून घेणारा दुसरा आदर आला नाही. तिची कला श्रेष्ठ ठरवली गेली, आणि त्या कलेला निर्मिती म्हणायचे मात्र टाळले गेले.

रेडिंग १० डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, विमान अपघातात गेले. फ्रँकलिन यांचे निधन १६ ऑगस्ट २०१८ रोजी झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ११ ऑक्टोबर रोजी, १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना डिजिटल प्रक्षेपणापुरता मोबदला देणारा कायदा अमेरिकेत संमत झाला. साध्या रेडिओला त्या कायद्याने हात लावला नाही.