हसण्याला उत्तर

एखाद्या वृत्तीला चिमटा काढावा म्हणून विनोद करावा आणि त्या वृत्तीच्याच माणसाने पोट धरून हसावे. तेही स्वतःला नव्हे, आपल्या मनातले कोणीतरी चारचौघांत बोलून दाखवले म्हणून. अशा हसण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकेतील विनोदाचा इतिहास वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतो. तिथल्या विनोदाचा एक मोठा प्रवाह जवळजवळ दोनशे वर्षे वर्णभेदाच्या काठाने वाहत आला आहे. त्यामुळे कोण कोणाला हसतो, हा तिथे केवळ अभिरुचीचा प्रश्न कधी राहिलाच नाही.

१९७१ साली सीबीएस वाहिनीवर 'ऑल इन द फॅमिली' ही मालिका सुरू झाली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारा आर्ची बंकर हा तिचा नायक. कष्टकरी, घरातल्यांवर जीव असलेला, आणि कृष्णवर्णीय, ज्यू, स्थलांतरित, स्त्रिया या सगळ्यांविषयी तोंडाला येईल ते बोलणारा. निर्माते नॉर्मन लिअर उदारमतवादी होते. आर्चीच्या पूर्वग्रहांना लोक हसतील, आणि हसता हसता त्यांचा फोलपणा उघडा पडेल, अशी त्यामागची कल्पना. मालिका सलग पाच वर्षे लोकप्रियतेत पहिली राहिली. पण १९७४ साली नील विडमर आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा वेगळेच दिसले. मालिका सर्वांनाच मजेदार वाटत होती. मात्र ज्यांच्या मनात पूर्वग्रह खोलवर होते, त्यांना आर्ची आपला वाटत होता आणि जावयाशी होणाऱ्या वादात तोच जिंकतो असे वाटत होते. विनोद एक, हशा एक, अर्थ दोन.

यावर दोन सोपी उत्तरे दिली जातात. पहिले असे, की कलावंताने आपला हेतू पाहावा, लोकांनी काय घेतले ते लोकांचे. दुसरे असे, की ज्या विनोदाचा गैरअर्थ होऊ शकतो तो करूच नये. दुसरे उत्तर मानले तर उपरोध नावाची गोष्टच संपेल, कारण उलट बोलून सुलट सांगणे हाच उपरोधाचा प्राण आहे. पहिले उत्तर कायद्याला पुरते. १९८८ साली 'हसलर' मासिकातील एका असभ्य विडंबनाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने विडंबनकाराच्या बाजूने निर्णय दिला, आणि तो योग्यच होता असे मला वाटते. पण न्यायालय परवानगीचा प्रश्न सोडवते. परवानगी मिळाल्यावर काय करावे, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

या इतिहासाच्या तळाशी 'मिन्स्ट्रेल' खेळ आहेत. १८३०च्या सुमारास टॉमस राइस हा गोरा नट तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' नावाचे पात्र नाचवू लागला आणि देशभर त्याचे अनुकरण झाले. पुढे दक्षिणेतल्या वंशभेदी कायद्यांना हेच नाव चिकटले. या खेळांत ज्याला हसायचे तो माणूस रंगमंचावर नव्हताच. त्याच्या जागी त्याचा मुखवटा होता, आणि मुखवटा उलट बोलत नाही. गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४८ साली आपल्या पत्रातून या नटांवर तुटून पडले. हेच डग्लस आपल्या भाषणांत गुलामांना आज्ञाधारकपणाचे धडे देणाऱ्या गोऱ्या धर्मोपदेशकांची हुबेहूब नक्कल करत आणि श्रोत्यांना हसवत. नक्कल दोन्हीकडे होती. फरक इतकाच, की धर्मोपदेशकाला उत्तर देण्यासाठी व्यासपीठ होते, गुलामाला नव्हते.

मार्क ट्वेन हे खेळ पाहत मोठे झाले आणि म्हातारपणीही त्यांची आठवण प्रेमाने काढत राहिले. तरीही 'हकलबेरी फिन'मध्ये त्यांनी एक जागा अशी लिहिली, की तिच्यापाशी मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. धुक्यात चुकामूक झाल्यावर हक तराफ्यावर परततो आणि पळून आलेल्या जिमला पटवतो, की हे सारे तुला पडलेले स्वप्न. वाचक हसतो, मिन्स्ट्रेलमधल्या भोळ्या काळ्या माणसाची ही ओळखीचीच थट्टा. पण इथे जिम उत्तर देतो. तू हरवलास म्हणून माझे काळीज फाटले होते आणि तुला माझी फजिती करायचे सुचले, असे तो सांगतो आणि आत निघून जातो. हकला माफी मागायला पंधरा मिनिटे लागतात. ती पंधरा मिनिटे वाचकाचीही असतात.

मला वाटते, विनोदकाराची जबाबदारी इथे आहे. कोण कसा हसेल हे त्याच्या हातात नाही. ज्याच्या जिवावर हशा पिकतो त्याला विनोदाच्या आत उत्तर देण्याची जागा ठेवणे मात्र त्याच्या हातात आहे. आर्चीच्या शेजारी राहणारे जेफर्सन कुटुंब त्याला बिनधास्त टोला परत देत असे. १९७५ साली त्यांची स्वतंत्र मालिकाही झाली. पण कधी कधी जागा ठेवूनही भागत नाही. २००५ साली डेव्ह शपेल आपला तुफान चाललेला कार्यक्रम आणि कोट्यवधी डॉलरचा करार सोडून निघून गेले. पुढे त्यांनी सांगितले, की तोंडाला काळे फासलेल्या पात्राच्या प्रवेशाचे चित्रीकरण चालू असताना तिथला एक गोरा माणूस ज्या तऱ्हेने हसला, त्याने ते अस्वस्थ झाले. विनोद त्यांचाच होता, पण ते हसणे कानी पडल्यावर आपल्याला माहीत नव्हते असे म्हणण्याची सोय उरली नाही.

आता आपल्याजवळचे एक उदाहरण. १८९६ साली ट्वेन मुंबईत आले होते. हॉटेलात एका जर्मन माणसाने नोकराच्या थोबाडीत मारलेली त्यांनी पाहिली आणि त्यांना मिसुरीतले आपले बालपण आठवले: वडिलांच्या हातचा मार खाणारा गुलाम मुलगा, आणि क्षुल्लक चुकीसाठी लोखंडी खनिजाचा गोळा डोक्यात घालून मारलेला एक गुलाम. त्या पानांवर ट्वेन विनोद करत नाहीत. पण त्याच प्रवासवर्णनात त्यांनी ठेवलेल्या मूसा नावाच्या नोकराची गंमतही आहे. ते त्याचे नाव बदलून 'सैतान' ठेवतात, आणि मूसा मोडक्या इंग्रजीत आनंदाने होकार देतो. प्रसंग खुसखुशीत आहे. आजही हसू येते.

त्या होकाराचे शब्दसुद्धा ट्वेन यांनीच लिहिलेले आहेत. जिमला त्यांनी उत्तर दिले, मूसाला दिले नाही. त्या रात्री घरी जाऊन मूसाने आपल्या माणसांना नव्या साहेबाविषयी काय सांगितले असेल? कदाचित साहेबाची नक्कलही केली असेल, आणि घर हसले असेल. ते हसणे कुठेच नोंदलेले नाही. इथल्या वाचकाने ट्वेन यांच्या विनोदाला जरूर हसावे. मात्र हसून झाल्यावर, पान उलटण्याआधी, त्या दुसऱ्या हसण्यासाठी थोडे थांबावे.