बदलीचा नट आणि प्रेक्षकाचा धर्म

नाटकगृहाच्या दाराशीं लावलेली एक लहानशी पाटी शेंकडों माणसांच्या मनाची स्थिति क्षणांत कशी पालटून टाकते हें ज्याला पाहावयाचें असेल, त्यानें संगीत नाटकाचा मुख्य गायक नट ऐन वेळीं आजारी पडला असेल अशा रात्रीं तेथें जाऊन उभें राहावें. ‘अमुक यांची प्रकृति अस्वस्थ असल्यामुळें त्यांची भूमिका आज तमुक करतील,’ एवढाच मजकूर. पण तो वाचतांच कोणी सुस्कारा टाकतो, कोणी चडफडतो, कोणी व्यवस्थापकाला गांठून हुज्जत घालतो, आणि कोणी पैसे परत घेऊन घरची वाट धरतो. जे आंत जाऊन बसतात त्यांच्यापैकींहि पुष्कळांच्या चेहऱ्यावर ‘आतां पाहावयाचें तें काय उरलें?’ हाच भाव असतो. हा अनुभव पुण्यामुंबईपुरताच आहे असें नाहीं. लंडन व न्यूयॉर्क येथील संगीतिकांच्या प्रेक्षकांनाहि तो तितकाच परिचयाचा आहे. प्रश्न असा कीं, हा रोष न्याय्य आहे काय? आणि न्याय्य असेल तर तो कोणावर?

करमणुकीच्या गोष्टींत नीतिशास्त्राला कशाला ओढावें, असें कोणी म्हणेल. परंतु माणसाची नीति मोठ्या प्रसंगांपेक्षां अशा लहान प्रसंगींच अधिक उघडी पडते. कारण तेथें तो सावध नसतो.

प्रथम रागावलेल्या प्रेक्षकाची बाजू पाहूं. गद्य नाटकांत एका नटाच्या जागीं दुसरा आला तर बरेंचसें नाटक शाबूत राहतें. संगीत नाटकांत मात्र गळा हा गाणाऱ्याबरोबर निघून जातो. कागदावरचें पद म्हणजे केवळ सांगाडा. त्यांत प्राण ओतणें हें ज्याच्या त्याच्या कंठाचें काम. तेव्हां एका विशिष्ट कंठासाठीं परगांवाहून येऊन ज्यानें पदरचे पैसे मोजले, त्याची निराशा खोटी म्हणतां येणार नाहीं. ‘नाटक तेंच आहे, तुमचें काय बिघडलें?’ असें त्याला विचारणें म्हणजे हापुसाचे पैसे घेऊन रायवळ हातांत ठेवणें आणि आंबा तो आंबाच असें वर ऐकविणें होय.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर या बाबतींत एक व्यवहारी तोड काढलेली आहे. ज्या नटाचें नांव जाहिरातींत नाटकाच्या नांवाच्याहि वर छापलेलें असतें, तो गैरहजर असल्यास प्रेक्षकाला पैसे परत मागण्याची किंवा तिकीट बदलून घेण्याची मुभा असते. एरवीं सामान्यतः ती नसते. या रिवाजांत पुष्कळ शहाणपण आहे. मालकानें नांव विकलें असेल तर त्या नांवाची जबाबदारी त्याच्यावर. नाटक विकलें असेल तर नाटक दाखविलें कीं त्याचें ऋण फिटलें. म्हणजे देणें लागतो तो विकणारा. गाणारा नव्हे, आणि त्याच्या जागीं उभा राहणारा तर नव्हेच नव्हे.

येथपर्यंत हिशेब सरळ आहे. परंतु पैसे परत मिळाले तरी राग जात नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ‘खरा नट असता तर तापांतहि उभा राहिला असता,’ असे उद्गार त्याच रांगेंत ऐकूं येतात. याचा अर्थ असा कीं, आपण केवळ तिकीट विकत घेतलें असें आपल्याला वाटत नाहीं; त्या नटाच्या देहावर व दुःखावर आपला कांहीं हक्क निर्माण झाला आहे असें वाटतें.

आपल्याकडे या समजुतीला एका थोर आठवणीचा आधार मिळालेला आहे. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती. त्याच दिवशीं त्यांची लहानगी मुलगी वारली. तरी त्यांनीं प्रयोग रद्द होऊं दिला नाहीं. ही हकीकत मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात आहे, आणि ती ऐकून ज्याचें मन हेलावत नाहीं असा रसिक विरळा. मींहि ती वर्गांत अनेकदां सांगितली आहे. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीनें तास संपतां संपतां विचारलें, “सर, त्या दिवशीं ते आले नसते तर?” मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं, आणि तेव्हांपासून ती गोष्ट सांगतांना माझी जीभ थोडी अडखळते.

ते आले नसते तर काय झालें असतें? खेळ पुढें गेला असता, मंडळीचें नुकसान झालें असतें, लोक हिरमुसले असते. पण तक्रार करण्याचा अधिकार कोणाला पोंचला असता? मला वाटतें, कोणालाच नाहीं. आणि हें मान्य केलें तरच त्यांच्या कृतीचें मोठेपण शिल्लक राहतें. जें देणें होतें तें दिलें, तर तो सावकाराच्या वहींतला जमाखर्च झाला. जें कोणीहि मागूं शकत नव्हतें तें दिलें, म्हणून तो त्याग. आपण मात्र त्या त्यागाचें कौतुक करतां करतां त्याचा दंडक बनविला. हें कौतुक करणारे आपण कोण? त्या त्यागाचें फळ चाखणारे. ज्याला दुसऱ्याच्या त्यागापासून सुख मिळालें त्यानें कृतज्ञ व्हावें. त्या त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार मात्र त्याला नाहीं. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें जें कांट या जर्मन तत्त्ववेत्त्यानें सांगितलें, त्याची कसोटी नाटकगृहाच्या दाराशीं जितकी लागते तितकी क्वचितच दुसरीकडे लागत असेल.

कोरोनाच्या सांथीनें या बाबतींत सर्वांनाच एक धडा दिला. २३ डिसेंबर २०२१ रोजीं न्यूयॉर्क येथें ‘द म्युझिक मॅन’ या संगीतिकेच्या वेळीं प्रमुख नटी सटन फॉस्टर हिला त्या रोगाची बाधा झाल्याचें कळलें, आणि तिची भूमिका कॅथी व्हॉयटको या नटीवर आली. ही निरनिराळ्या आठ भूमिकांसाठीं राखीव होती. दुपारीं बारा वाजतां तिला बातमी कळली, एक वाजतां त्या भूमिकेंतील तिची पहिली तालीम झाली, आणि त्याच रात्रीं ती प्रेक्षकांपुढें उभी राहिली. खेळ संपल्यावर नायकाचें काम करणाऱ्या ह्यू जॅकमन यानें तिला पुढें आणलें, आणि अशा राखीव नटनटींच्या पायावरच ही रंगभूमि उभी आहे अशा अर्थाचे शब्द काढले. प्रेक्षकांनीं टाळ्यांचा गजर केला. त्या दिवसांत आजारी नटानें घरीं राहणें हेंच त्याचें कर्तव्य होतें. तापांत उभा राहून गाणारा नट सहकाऱ्यांना आणि पुढच्या रांगेंतल्या वृद्धांना घातक ठरला असता. कालपर्यंतचा सद्गुण असा एका वर्षांत अपराध झाला. पण वस्तुतः बदललें काय? आजारी माणूस पूर्वींहि आजारीच होता. बदललें एवढेंच कीं, त्याच्या हट्टाची किंमत आतां आपल्यालाहि मोजावी लागणार होती. ती एकट्या त्यालाच मोजावी लागत होती तोंवर आपण तिला निष्ठा म्हणत होतों.

आतां बदलीच्या नटाकडे वळूं. त्याच्या बाजूनें बोलणारे लोक बहुधा एका प्रकारच्या गोष्टी सांगतात. १९५४ सालीं ‘द पजामा गेम’ या संगीतिकेंतील कॅरल हेनी हिचा पाय दुखावला आणि तिच्या जागीं शर्ली मॅक्लेन ही अगदीं तरुण मुलगी उभी राहिली. बदल जाहीर होतांच प्रेक्षकांतून नाराजीचे सूर उठले, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे. पण त्याच दिवसांत एका चित्रपटनिर्मात्याच्या नजरेस तिचें काम पडलें, आणि पुढें ती जगप्रसिद्ध नटी झाली. आपल्याकडचा इतिहासहि असाच बोलका आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले. ज्यांच्या कानांत तो आवाज होता त्यांना ती पोकळी भरून निघेल असें वाटलें नसेल. १९०५ सालीं त्याच किर्लोस्कर मंडळींत नारायणराव राजहंस आले, आणि पुढच्या पिढीला बालगंधर्वांवांचून नाटक ही कल्पनाच करवेना. आजचें दैवत तें कालचा बदली नट असतें.

या गोष्टी खऱ्या आहेत. परंतु त्यांतून निघणारें तात्पर्य मला अपुरें वाटतें. ‘त्याला ऐका, कदाचित् तोच उद्यांचा गंधर्व असेल,’ असें म्हणण्यांतहि लाभाची दृष्टि आहेच. शंभर बदली नटांपैकीं नव्व्याण्णव गंधर्व होत नाहींत. ते बेताचें गातात, एखादी जागा चुकतात, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां मागच्या रांगेंत जाऊन उभे राहतात. त्यांना ऐकून घ्यावयाचें तें त्यांच्यांत एखादें रत्न लपलें असेल म्हणून नव्हे. तर ज्या रात्रीं दुसरा कोणी उभा राहूं शकत नव्हता त्या रात्रीं ते उभे राहिले, म्हणून. प्रेक्षकानें त्यांना खोटी टाळी द्यावी असें मी म्हणत नाहीं. गाणें बेसूर झालें तर बेसूर म्हणावें. पण तें झाल्यावर म्हणावें. तोंड उघडण्यापूर्वीं नव्हे.

मालकांनीं प्रामाणिकपणा दाखविला तर यांतील अर्धा प्रश्न सुटतो हेंहि खरें. २०२२ सालीं न्यूयॉर्क येथें ‘फनी गर्ल’ या संगीतिकेंत मुख्य भूमिका ली मिशेल या नटीकडे आली, तेव्हां गुरुवारचे प्रयोग ज्युली बेन्को या पूर्वींच्या राखीव नटीला नेमून देण्यांत आले. जो गुरुवारीं येई तो तिलाच ऐकावयास येई. तेव्हां फसवणुकीला जागा उरली नाहीं. आठवड्यांतून आठ वेळां एकाच गळ्यानें झिजावें ही अपेक्षाच मुळांत अमानुष आहे, हें जाहिरातींत कबूल करण्याचें धैर्य मात्र सर्वांना होत नाहीं. आणि उरलेला अर्धा प्रश्न प्रेक्षकाच्याच अंतःकरणाचा आहे. तो कोणत्याहि रिवाजानें सुटणार नाहीं.

हें सर्व मी ज्या अधिकारानें लिहितों तो अधिकार फारसा भूषणावह नाहीं. तीसएक वर्षांपूर्वीं, मी नुकताच नोकरीला लागलों होतों तेव्हां, कोंकणांतून माझी वृद्ध आत्या आमच्याकडे आली होती. तिला ‘सौभद्रा’चीं पदें तोंडपाठ होतीं, पण तें नाटक तिनें रंगभूमीवर कधीं पाहिलें नव्हतें. एका नामांकित गायकाचा प्रयोग लागलेला पाहून मीं मोठ्या हौसेनें दोन तिकिटें काढलीं. दाराशीं जातों तों ती पाटी. लोक पैसे परत घेण्यासाठीं रांग लावून उभे होते. मींहि तींत जाऊन उभा राहिलों. आत्या माझ्या मागें आली आणि हळूच म्हणाली, “अरे, पदें तींच आहेत ना?”

“पदें तींच ग, पण गाणारा तो नाहीं. उगीच विरस होईल. तुला पुढच्या खेपेस दाखवीन.” मीं जाणत्याच्या थाटानें उत्तर दिलें. ती कांहीं बोलली नाहीं. पैसे घेऊन आम्ही बाहेर रिक्षाची वाट पाहत उभीं होतों, तोंच आंतून नांदीचे सूर आले. आत्या फाटकाकडे तोंड करून उभी राहिली, आणि रिक्षा आली तेव्हां मला तिला दोनदां हांक मारावी लागली. पुढची खेप कधीं आली नाहीं.

परंतु मला जी गोष्ट अधिक टोंचते ती निराळीच आहे. दुसऱ्या दिवशीं महाविद्यालयांत कोणी विचारलें, तेव्हां ‘बदली नटानें अगदींच पाणी केलें’ असें मीं चारचौघांत सांगितलें. त्या तरुणानें कसें गायिलें, हें मला त्या वेळीं ठाऊक नव्हतें आणि आजहि ठाऊक नाहीं. माझे पैसे मला परत मिळाले होते. तिकीट विकणाऱ्याकडे माझें कांहीं येणें नव्हतें. गैरहजर गायकानें माझा कांहीं अपराध केला नव्हता. तरी कोणाच्या तरी माथीं माझी निराशा मारावयास हवी होती, आणि जो उभा राहिला त्याच्याच माथीं मीं ती मारली.

आत्याच्या प्रश्नाचें खरें उत्तर त्या रात्रीं आंत जाऊन बसल्यावांचून मिळण्यासारखें नव्हतें. तें तिला कळत होतें. मला कळावयास बराच काळ जावा लागला.