आळशाला वास येतो

रोमानियन भाषेत ऐतखाऊ, लोळत पडणाऱ्या माणसाला ‘पुतुरोस’ म्हणतात. शब्दशः अर्थ, वास मारणारा. लॅटिनमधल्या दुर्गंधीच्या शब्दावरून तो घडला. जे हलत नाही ते कुजतं, असा काहीसा हिशेब त्यामागे असावा. सौम्य बोलायचं तर ‘लेनेश’ आहे, त्याचं मूळ स्लाव. कामचुकार तो ‘क्युलांजिउ’. याच्या शेपटाकडचा प्रत्यय तुर्की. आपल्या तोपचीतला ‘ची’ तोच.

लॅटिनचा आळशी, ‘पिगेर’, इटालियनने ‘पिग्रो’ म्हणून जपला. रोमानियनमध्ये त्याच्या घराण्यातलं ‘प्रेजेता’ हे क्रियापद उरलं: कचरणं, अंग चोरणं. पण तेही बहुतेक नकारातच भेटतं. ‘फरा प्रेजेत’ म्हणजे अंग न चोरता, अथक. आळसाचा वंशज कष्टाळूंची तारीफ करतो आहे!

आळशापाशी नाक धरण्याआधी कामाचा शब्दही पाहावा. काम म्हणजे ‘मुंका’, आणि त्याच्या स्लाव मुळाचा अर्थ यातना. जुन्या रोमानियनमध्येही तोच अर्थ होता. नरकयातनांना हाच शब्द लावत. मला यात योगायोगापेक्षा अनुभव जास्त दिसतो. ज्यांतून पुढे रोमानिया घडला त्या दोन संस्थानांत, वालाकियात १७४६ साली आणि मोल्दाव्हियात १७४९ साली, भूदासपण कायद्याने संपलं, तरी ‘क्लाका’ नावाची जमीनदाराची वेठ १८६४ पर्यंत सुटली नाही. १८३०च्या सुमाराच्या कायद्यात वेठीचे दिवस वर्षाला बारा. मात्र एका दिवसाचं काम एवढं ठरवलेलं, की ते एका दिवसात उरकतच नसे. अशा कामाला टाळाटाळ करणाऱ्याला पुतुरोस कोण म्हणणार? ज्याचं शेत पडून राहिलं, तो.

वेठ संपल्यावर चौदा वर्षांनी, १८७८ मध्ये, रोमानियन लेखक यॉन क्र्यांगाची आळशाची गोष्ट आली. गाव एका आळशाला बैलगाडीत घालून फाशी द्यायला निघालं आहे. वाटेत एका खानदानी बाईला कणव येते. माझ्याकडे सुक्या पावांचं कोठार भरलंय, ते खाऊन राहा, म्हणते. हा विचारतो, भिजवलेले आहेत ना? भिजवायचे त्यालाच, असं कळल्यावर तो फाशीच पसंत करतो. रोमानियात हा प्रश्न म्हणीसारखा झाला आहे, आणि तो ऐकला की लोक हसतात.

गाव मात्र त्याला खरोखर लटकवतं. क्र्यांगा स्वतः शेतकऱ्याच्या घरातला. टोमणा आळशाला आहे की गावाला, हे तो उघड करत नाही. मला विचाराल तर गावाला.