आयत्या बिळातली निळी माशी

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या हाती माइक आला की त्यांना मधमाशी आठवते. ‘मधमाशीकडून शिका! अख्ख्या जातीत एक ऐतखाऊ सापडायचा नाही.’ परवा दहावीच्या मुलांच्या सत्कारातही त्यांनी हेच ऐकवलं. मुलांनी जांभया दिल्या, मी मात्र घरी पोचेपर्यंत धुसफुसत होते.

पोळं, राणी, कामकरी माश्या, षट्कोनी खोल्या हे सगळ्यांना पाठ असतं, ते सोडून देऊ. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत आणि आपल्या डोळ्यांसमोर येणारी मेणाची पोळी बांधणाऱ्या त्यांत डझनभरही नाहीत. बहुतेक जाती एकांड्या. मादी एकटीच बीळ खणते, एकटीच पराग भरते, एकटीच मरते. आणि ढोबळमानाने दर सात-आठ जातींमागे एक जात अशी, की जी घरटं बांधायच्या फंदातच पडत नाही. ती दुसऱ्या माशीच्या घरट्यात अंडं घालते. कावळा-कोकिळेचीच कथा, फक्त कोकिळेच्या पिल्लासोबत कावळ्याचं पिल्लूही कधी कधी वाढतं, इथे ती सोय नाही.

हे बघायला लांब जायला नको. तुळशीला मंजिऱ्या आल्या की पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी येते. शास्त्रज्ञ तिला अमेजिला म्हणतात. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला धरून ती अंग असं थरथरवते की आतला पराग भसकन बाहेर पडतो. मातीच्या भिंतीत किंवा भुसभुशीत जमिनीत तिचं बीळ असतं. बिळातल्या प्रत्येक कप्प्यात पराग आणि मकरंदाचा लगदा, त्यावर एक अंडं, वर मातीचं झाकण. त्याच भिंतीलगत, अगदी खालून, दुसरी एक माशी सावकाश घिरट्या घालत असते. काळी कुळकुळीत आणि अंगभर आकाशी ठिपके. ही थायरियस. हिच्या पायांवर पराग गोळा करायचे दाट केसच नाहीत. मालकीण फुलांवर गेली की ही आत शिरते, बंद कप्प्याचं झाकण पोखरते, अंडं घालते आणि भोक पुन्हा बुजवून निघून जाते. अंड्यातून निघालेल्या अळीला कोयत्यासारखे जबडे असतात. घरच्या अंड्याचा निकाल लावणं हे तिचं पहिलं काम. ते झालं की पुढे कात टाकताना ते जबडेही जातात, आणि अळी निवांतपणे लगदा खात बसते.

हे मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘मग ती मधमाशीच नव्हे. आयत्या बिळावर नागोबा!’ नियम मोडणाऱ्याला जातीबाहेर काढलं की नियम कधीच मोडत नाही, या युक्तीला माझ्याकडे उत्तर नाही.

पण माझा एक जुना, लाडका भेद आहे. काम न करणं निराळं, आणि बघणाऱ्याला दिसेल असं काम न करणं निराळं. घर सांभाळणाऱ्या बाईला ‘ती काही करत नाही, घरीच असते’ असं बिनदिक्कत सांगणाऱ्या समाजात हा भेद हाताशी असलेला बरा. डार्विनने १८५९च्या ग्रंथात अशा ऐतखाऊ माश्यांचा प्रकार कोकिळेपेक्षाही नवलाचा ठरवला, कारण इथे सवयीबरोबर शरीरही बदललं आहे. परजीवीपणाचं मूळ आळसात शोधणाऱ्यांवर मात्र दक्षिण फ्रान्सातला कीटकवेडा फाब्र चांगलाच उखडला होता. (त्याला उत्क्रांतीच पटत नव्हती, तरी डार्विनला त्याच्या निरीक्षणांचं मोठं कौतुक.) थायरियसची चुलत बहीण मेलेक्टा हिचं वकीलपत्र घेऊन त्याने विचारलं, की भिंती धुंडाळत फिरणारी ही माशी आळशी कशी? आणि वासराचं दूध, माशीचा मध पळवणारा माणूस मग कोण?

वकिली चोख आहे, पण तिच्यात एक खोट आहे. खिसेकापूही दिवसभर उभा असतो, नजर जागी ठेवतो, बोटांना सराव देतो. घाम गाळला म्हणून कुणी निर्दोष ठरत असेल तर त्यालाही सोडावं लागेल. म्हणजे थायरियसचा बचाव करायला निघून मी साहेबांचाच तराजू हातात धरणार, फक्त पारड्यात तिचेही कष्ट टाकणार. त्यापेक्षा तिच्या कष्टांचं कौतुक नकोच.

कष्टांऐवजी ज्याच्या घरात ऐतखाऊ शिरतो त्याचं काय होतं, ते बघावं. दक्षिण आफ्रिकेतली गोष्ट इथे आठवते. तिथल्या केप भागातल्या मधमाशीची कामकरी मादी नराशिवाय माद्यांचीच अंडी घालू शकते. १९९०मध्ये मधपाळांनी तिच्या पेट्या उत्तरेला नेल्या आणि ती तिथल्या माश्यांच्या पोळ्यांत घुसली. एकाच कामकरी माशीचा हा वंश. त्यातल्या माश्या काम करत नाहीत, अंडी घालत सुटतात, पोळं खंगून मरतं, मग पुढचं पोळं. मोसमाप्रमाणे पेट्या शेजारी शेजारी मांडून नव्या पोळ्यांची वाट मधपाळच मोकळी करून देत राहिले.

थायरियस काही सुशील नाही. तिला प्रत्येक कप्पा सापडत नाही, एवढंच. पण तिची पेटी उचलून पुढच्या शेतात नेणारं कुणी नाही. अमेजिलाची बिळं विरळ झाली, तर बिळवालीला काही काळ तरी तग धरता येतो, आयतं शोधणारीला तोही नाही. म्हणून एखाद्या जागेतल्या माश्यांचा हालहवाल घ्यायचा असेल तर अभ्यासक अशा जातींकडे मुद्दाम बघतात. त्या दिसल्या, तर ज्यांच्या जिवावर त्या जगतात त्यांचं बरं चाललेलं असतं.

तेव्हा तिने घाम किती गाळला, हा हिशेब साहेबांना लखलाभ. मला ती हवी आहे, ऐतखाऊ म्हणूनच. कुंपणाच्या मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा ठराव आमच्या सोसायटीपुढे आहे. तो झाला की आधी तिचीच फेरी बंद होईल. वांग्यांना फळ कमी धरू लागलं हे लक्षात यायला मग आणखी एक-दोन मोसम जातील.