अष्टावक्राचे स्नान

गेल्या भाद्रपदात पितृपक्ष सुरू होऊन चार-पाच दिवस झाले होते, तेव्हा आमचे एक जुने स्नेही संध्याकाळी आमच्याकडे आले. चहाचा पेला बराच वेळ हातात तसाच धरून ते म्हणाले, "परवा वडिलांची तिथी आहे. ज्यांच्या पावलांचा आवाज स्वप्नात ऐकून पंचावन्नाव्या वर्षीही मी दचकून उठतो, त्यांच्या नावाने पिंड ठेवायचा आणि त्यांची तृप्ती मागायची. प्रोफेसर, हे धर्मकृत्य म्हणायचे की खोटे बोलणे?"

हे वडील आमच्याही पाहण्यातले होते. गावात त्यांचा लौकिक मोठा. गरिबांच्या मुलांस ते फुकट शिकवीत आणि परक्याच्या पैशास त्यांनी कधी स्पर्श केला नाही. परंतु याच गृहस्थाच्या घरी गणित चुकले, दूध सांडले किंवा काहीच झाले नाही, तरी कमरेचा पट्टा निघे. आणि मग मुलास कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावण्यात येई. आई स्वयंपाकघरात भांडी वाजवीत राही. पुढे हेच वडील म्हातारपणी अंथरुणास खिळले, तेव्हा आमच्या स्नेह्यांनी तीन वर्षे त्यांचे सर्व काही स्वतःच्या हातांनी केले. कर्तव्यात त्यांनी कसूर केली असे त्यांचा वैरीही म्हणणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांस जे उत्तर दिले त्याची आज आम्हांस लाज वाटते. आम्ही म्हणालो, "अहो, ते जुन्या वळणाचे होते. मनात तुमचे हितच होते. झाले गेले विसरून जा." त्यांनी पेला खाली ठेवला, "येतो" म्हणाले, आणि गेले.

हे उत्तर आमच्या तोंडी इतक्या सहजपणे का आले, याचा विचार आम्ही त्यानंतर पुष्कळ केला. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मैत्री, हा सुभाषितातील क्रम आपण सारेच लहानपणी पाठ केलेला असतो. येथे आम्ही शिस्तीविषयी बोलत नाही. आई-बाप रागावतात, एखादे वेळी हातही उचलतात आणि घटकाभराने मूल पुन्हा त्यांच्याच मांडीवर येऊन बसते. तो संसाराचा भाग झाला. आम्ही बोलत आहोत ते ज्या घरात बापाची चाहूल लागताच मूल श्वास रोखून धरते त्या घराविषयी. अशी घरे विरळा, असे म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर तीन मुलांतील दोघांस शारीरिक छळ सोसावा लागल्याचे आढळले, आणि घरात ज्यांस मार बसला त्यांतील बहुतेकांस मारणारे त्यांचे आई-बापच होते.

असल्या प्रसंगी अष्टावक्राची कथा सांगण्याची रूढी आहे. वनपर्वातील ही कथा वाचकांस परिचित असेलच. कहोड ऋषी वेदपठण करीत असता पत्नीच्या गर्भातील बालकाने त्यांची चूक दाखविली. शिष्यांदेखत अपमान झाला म्हणून पित्याने शाप दिला, आणि मूल आठ ठिकाणी वाकडे होऊन जन्मास आले. पुढे कहोड जनकाच्या सभेत बंदीकडून वादात हरले व त्यांस पाण्यात बुडविण्यात आले. बाराव्या वर्षी हे कळताच पुत्र त्या सभेत गेला, त्याने बंदीस जिंकले आणि पित्यास परत आणले. मग पित्याच्या सांगण्यावरून त्याने समंगा नदीत स्नान केले आणि त्याची गात्रे सरळ झाली. ज्याने आपणांस वाकडे केले त्याचेही आपण भले करावे म्हणजे आपण सरळ होतो, असा बोध यातून काढला जातो.

आमच्या स्नेह्यांची तीन वर्षांची सेवा पाहता हा बोध खरा ठरत नाही. म्हणून आम्ही ती कथा पुन्हा काढून वाचली. पुत्राने सोडविल्यावर कहोड त्याची तोंड भरून स्तुती करतात; पण शापाबद्दल अनुतापाचा एकही शब्द आम्हांस त्या कथेत आढळला नाही. दुसरी गोष्ट अशी की, पहिली बारा वर्षे या मुलास आपला बाप कोण हेच ठाऊक नव्हते. मातामह उद्दालकांनाच तो पिता समजत असे. श्वेतकेतूने ओढून काढीपर्यंत तो बसला होता तो आजोबांच्या मांडीवर! बापाने वाकडे केलेल्या या पोरास बसावयास दुसरी एक मांडी मिळाली होती, हे बोध काढणारे विसरतात.

आधुनिक शास्त्रही याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे, ही मौजेची गोष्ट आहे. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या विदुषीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रौढपणापर्यंत माग ठेवला. दारिद्र्य, कलह, व्यसन अशा अनेक आपत्ती ज्यांच्या वाट्यास आल्या, त्यांतीलही सुमारे तृतीयांश मुले समर्थ आणि प्रेमळ माणसे झाली. आणि त्यांच्यात जी साम्ये दिसली त्यांत एक हे की, आजी, आजोबा, शेजारी, शिक्षक असे कोणीतरी एक माणूस त्यांस आपले म्हणणारे होते.

आमच्या स्नेह्यांस ती मांडी मिळाली नाही. अशा मुलाच्या मनात काय घडते, याविषयी एडिंबरोचे मनोविश्लेषक फेअरबेर्न यांनी १९४३ साली एक मार्मिक विचार मांडला आहे. ज्यांच्या हातचे अन्न खायचे तीच माणसे वाईट आहेत हे मानून जगणे मुलास अशक्य असते. म्हणून ते सारा वाईटपणा स्वतःकडे घेते. मी वाईट आहे म्हणून मला मारतात, असे म्हटले की निदान जगात न्याय शिल्लक राहतो आणि चांगले झालो तर मार थांबेल अशी आशाही राहते. वळ चार दिवसांत जातात. हा निवाडा मात्र जात नाही. पुढे मूल मोठे होते, पदवी मिळविते, घर बांधते, आणि तरीही वरिष्ठाचा आवाज जरा चढला की आत कोठीची कडी वाजते.

आता आमच्या त्या उत्तराकडे पहा. "त्यांच्या मनात तुमचे हितच होते," याचा अर्थ मार योग्य होता. म्हणजेच तुम्ही त्यास पात्र होता. सांत्वन म्हणून आम्ही जुनाच निवाडा कायम केला. बापासही त्याच्या बापाने असेच बडविले असेल, असे कोणी म्हणेल, असेलही. परंतु कारण समजले म्हणून दोष नाहीसा होत नाही.

आणि क्षमा? बिशप बटलर यांनी १७२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवचनांत अन्यायाविषयीचा संताप मनुष्यस्वभावात ईश्वराने हेतुपूर्वक ठेवला आहे असे प्रतिपादिले आहे. क्षमा म्हणजे तो संताप उरूच नये असे नव्हे, त्याचा सूड होऊ नये एवढेच. आमच्या स्नेह्यांनी सूड घेतला नाही. बापाच्या तोंडात पाणी घातले. याहून अधिक मागण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? क्षमा करणे हे ज्याचे त्याच्यापाशी. आपण शेजारीपाजारी ती त्याच्या वतीने परस्पर करून टाकतो, ती बहुधा आपणांस अवघड वाटणारे बोलणे लवकर संपावे म्हणून.

यावर शास्त्राचा आधार विचारला जाईल. आई-बापांस देव मान, हा उपदेश तैत्तिरीय उपनिषदातला. तो ज्या अनुवाकात आहे त्यातच त्याला लागून गुरू शिष्यास सांगतो की, जी कर्मे निर्दोष असतील तीच कर, इतर नव्हेत. आमचीही जी चांगली आचरणे असतील तेवढीच घे, इतर नव्हेत. देव म्हणावयास लावल्याबरोबर, लगेच निवड करण्याची मोकळीक! आपण पूर्वार्ध घराघरांत लावला आणि उत्तरार्ध पोथीतच ठेवला. वृद्ध आई-बापांच्या निर्वाहाचा कायदा आपल्याकडे २००७ साली झाला, सिंगापूरमध्ये १९९५ साली. ज्या आई-बापांनी अपत्याचा त्याग किंवा छळ केला असेल त्यांचा अर्ज फेटाळण्याची वा रक्कम कमी करण्याची मुभा सिंगापूरच्या कायद्यात आहे. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. पोसावे की न पोसावे, या वादात आम्ही शिरत नाही. पोसणाऱ्याने खोटी साक्षही द्यावी, एवढ्यास मात्र आमचा विरोध आहे.

प्राग शहरातील लेखक फ्रान्झ काफ्का यांनी १९१९ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, वडिलांस शंभरावर पानांचे पत्र लिहिले. लहानपणी एका रात्री पाणी मागत रडत राहिल्याबद्दल वडिलांनी उचलून बाहेर सज्जात उभे केल्याची आठवण त्यात आहे. पत्र पोहोचविण्यास त्यांनी आईकडे दिले, आणि आईने ते न देता परत आणून दिले, असे त्यांचे मित्र माक्स ब्रोड सांगतात. वडिलांनी ते वाचून काय केले असते कोण जाणे. पण आईने तरी ते ठेवून घ्यावयास हवे होते, असे आम्हांस नेहमी वाटते.

आमचे स्नेही दिवाळीनंतर पुन्हा आले. तिथीच्या दिवशी त्यांची वडील बहीण आली होती. त्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांत प्रथमच तिच्याजवळ कोठीच्या खोलीचा विषय काढला. अक्का बराच वेळ निवडायला घेतलेल्या भाजीकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मला ठाऊक आहे रे. मी दाराबाहेरच बसलेली असे. कडीपर्यंत माझा हात पोहोचत होता." मग दोघेही रडली. त्या रात्री आपणांस गाढ झोप लागली, असे स्नेह्यांनी सांगितले. पिंड ठेवला की नाही हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ते गेल्यावर आम्ही आमच्या मुलास फोन लावला. तो दहावीत असताना, पाहुण्यांदेखत, त्याच्या चित्रांच्या दोन वह्या आम्ही फाडल्या होत्या. त्यानंतर त्याने कधी चित्र काढल्याचे आम्हांस स्मरत नाही. ते कृत्य वाईट होते आणि त्याचा त्यात काही दोष नव्हता, एवढेच आम्ही कसेबसे बोललो. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तो म्हणाला, "बाबा, तुम्हांलाही ते आठवते, हे मला ठाऊक नव्हते."