मध्यरात्रीची घंटा

१७९९ च्या तहाने तंजावरचे राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. सरफोजीराजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख उरला. तरीही रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रे बंद पडू नयेत, म्हणून त्यांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. छत्रात ब्राह्मणापासून परैयरापर्यंत प्रत्येक वाटसरूला जेवण मिळते, असे त्यात आहे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, जेवायचे राहिले असेल त्याने यावे. सूज आणि सर्पविष उतरवणारे वैद्यही तिथे असत. ज्यांना शिजवलेले चालत नसे त्यांना कोरडा शिधा मिळे. म्हणजे सोवळेओवळे होतेच. पण उपाशी कोणी राहू नये, हा नियम त्याहून मोठा होता.

अशाच एका छत्रातली ही गोष्ट समजा.

घंटा नुकतीच वाजली होती. वैद्यबुवा एका जहागीरदारांच्या सुजलेल्या पायाला लेप लावत होते. तेवढ्यात चौघांनी एका परैयर मजुराला खांद्यावरून आणले. भाताच्या शेतात पाणी लावताना त्याला साप चावला होता.

कारकून दारातच आडवा आला. "वैद्यबुवा कामात आहेत. थांबा."

वैद्यांनी ते ऐकले आणि हात धुतले.

"बुवा, उठू नका," कारकून हळूच म्हणाला. "जहागीरदारांच्या जिवावर पाचशे माणसं जगतात. याच्या जाण्यानं कुणाचं अडणार आहे?"

"पंत, आत्ता घंटा वाजली, ती कुणासाठी?"

"जो उपाशी असेल त्याच्यासाठी."

"किती माणसं पोसतोस, असं विचारून वाढता का?"

कारकून गप्प झाला. मग म्हणाला, "आणि साप जहागीरदारांना चावला असता तर?"

"तर याच्या सुजेचा लेप टाकून मी त्यांच्याकडे धावलो असतो. सूज सकाळपर्यंत थांबते पंत, विष थांबत नाही. मला तेवढंच बघायचं असतं."

जहागीरदारांनी स्वतःच पाय बाजूला घेतला आणि म्हणाले, "त्याला इथं, दिव्याजवळ निजवा."

मजूर वाचला की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. तो दगावला असता तरी वैद्यबुवांचे उठणे बरोबरच होते.